उपवास सोडताना

२०२५ साली आमच्या लेडीज डब्यात आठवड्याभरात तीन उपास लागले. २६ फेब्रुवारीला महाशिवरात्र, त्या दिवशी डब्यात साबुदाण्याच्या खिचडीचा वास. २ मार्चला पहिला रोजा, म्हणजे नालासोपाऱ्याला चढणारी आमची एक मैत्रीण महिनाभर पाण्याची बाटलीसुद्धा काढणार नाही. आणि ५ मार्चला आम्हा कॅथलिकांचा राखेचा बुधवार, इस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. मी सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, करून थेट स्टेशनवर आले होते, कपाळावर राखेचा क्रूस तसाच. वसईला विरार लोकल भरूनच येते, त्यामुळे बसायचा प्रश्न नव्हता. पण उभ्या बाईच्या कपाळावर काहीतरी लागलंय हे सगळ्यांना दिसतं. एकीने रुमाल पुढे केला. "पुसू नका," मी म्हटलं, "मुद्दाम लावलंय."

विरारच्या काकू खिडकीत मटार सोलत होत्या. त्यांना आमच्यातलं बरंच माहीत आहे, पण दरवर्षी नव्याने विचारतात.

"मग यंदा काय सोडलंस?"

"साखर."

"साखर गेल्या वर्षी पण सोडली होतीस ना?"

"गेल्या वर्षी चहा."

"आमच्या सासूबाईंनी काशीला जाऊन कारलं सोडलं," काकू म्हणाल्या. "जन्मात कधी खाल्लं नव्हतं ते."

सगळा कोपरा हसला. मीही हसले. पण काकूंचं ते एक वाक्य बोरिवलीपर्यंत माझ्या पायाशी घुटमळत राहिलं. साखर हे माझं कारलंच होतं. डॉक्टरांनी ती आधीच कमी करायला सांगितली होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आम्ही प्रायश्चित्तकाळ म्हणून पाळतो. कुणी उपवासकाळ म्हणतं. गोव्यात त्याला कोरेज्म म्हणतात, पोर्तुगीज 'क्वारेज्मा'वरून, ज्याच्या मुळाशी 'चाळिसावा' हाच अर्थ आहे. येशूने अरण्यात चाळीस दिवस उपवास केला, त्याची ही आठवण. कॅलेंडर घेऊन मोजलंत तर राखेच्या बुधवारपासून इस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत सेहेचाळीस दिवस भरतात. कारण मधले सहा रविवार मोजत नाहीत. रविवार पुनरुत्थानाचा, त्या दिवशी उपवास नाही. या सहा रविवारांवर आमच्या घरात जितका वाद झाला असेल तितका पिता-पुत्र-पवित्र आत्मा या त्रैक्यावर झाला नसेल. सोडलेली गोष्ट रविवारी चालते की नाही? माझी मुलगी म्हणते चालते. मी म्हणते, तू आधी आठवडाभर सोडून दाखव.

या काळात वसईत लग्नं लागत नाहीत. जानेवारी-फेब्रुवारीत रोज कुठे ना कुठे वाजणारा बँड एकदम गप्प होतो. मिस्सामध्ये आलेलुया हा आनंदाचा जयघोष म्हणत नाहीत, फादरांचा झगा जांभळा होतो, शुक्रवारी क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटेची टप्प्याटप्प्याने प्रार्थना असते. आणि राख येते ती गेल्या वर्षीच्या झावळ्यांची. इस्टरच्या आदल्या रविवारी, येशूच्या जयजयकाराची आठवण करायच्या झावळ्यांच्या रविवारी मिळालेली, क्रूसाच्या आकारात दुमडून देव्हाऱ्यामागे वर्षभर खोचलेली ती पिवळी, कडक झालेली पट्टी आपण चर्चमध्ये नेऊन देतो, तिथे ती जाळतात, आणि तीच कपाळाला लागते. गेल्या वर्षीचा जयजयकार यंदा राख होऊन येतो. मला या काळातली ही सगळ्यात खरी गोष्ट वाटते.

नियम म्हणाल तर आता फारसे उरलेले नाहीत. चौदा वर्षांवरच्यांनी राखेच्या बुधवारी आणि शुक्रवारी मांस खायचं नाही. अठरा ते साठच्या दरम्यानच्यांनी राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोनच दिवस कडक उपवास करायचा, म्हणजे एकदाच पोटभर आणि दोनदा थोडंसं. १९६६ मध्ये सहावे पोप पॉल यांनी हे सगळं सैल केलं. माणसांनी आपापली तपश्चर्या आपण शोधावी, असा त्यामागचा विचार. विचार फार चांगला होता. अडचण एवढीच, की माणसाला शोधायला सांगितलं की तो सोपं शोधतो.

मांस वर्ज्य, पण मासे चालतात. हे कोळीवाड्यात सांगून बघा. नायगाव-पाचूबंदरच्या कोळ्याला "शुक्रवारी मटण खाऊ नकोस" म्हणणं म्हणजे मला "शुक्रवारी विमान चालवू नकोस" म्हणण्यासारखं आहे. आमच्याकडे कित्येक वर्षं शुक्रवारी पापलेट यायचं. मटणापेक्षा महाग, मटणापेक्षा चविष्ट, आणि वर पुण्य. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आम्हाला कुणी शिकवावी लागली नाही.

मी सोडलेल्या गोष्टींची यादी केली तर ती माझ्याच कौतुकाची यादी होते. एका वर्षी चहा सोडला. तिसऱ्या दिवसापासून डोकं दुखायला लागलं आणि आठव्या दिवशी नवरा म्हणाला, "अगं, तू चहा घे बाई. प्रायश्चित्त आम्हाला पडतंय." एका वर्षी व्हॉट्सॲप सोडलं, आणि सोडण्याआधी स्टेटस ठेवलं: 'चाळीस दिवस इथे नाही. प्रार्थनेत भेटू.' खाली पंचवीस जोडलेले हात आले. बायबलात मत्तयच्या सहाव्या अध्यायात येशू नेमकं हेच करू नका म्हणतो. उपवास करताना तोंड उतरवून बसू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, लोकांना कळू देऊ नका. आणि हा उतारा वाचला जातो तो नेमका राखेच्या बुधवारी, कपाळावर सगळ्या गावाला दिसेल अशी खूण लावून घेण्याच्या आधी काही मिनिटं. ही गंमत कुणी मुद्दाम केली असेल तर त्याला माझा नमस्कार.

एका वर्षी गोड पूर्ण बंद केलं. तीन किलो उतरले. इस्टरला नवा ब्लाऊज सैल झाला आणि मी इतकी खूश झाले की पुनरुत्थान बाजूला राहिलं. तेव्हा पहिल्यांदा शंका आली. मी जे जे सोडत होते त्याचा फायदा कोण घेत होतं? मीच. साखरेचं माझं वजन, मोबाईलचे माझे डोळे, चहाचं माझं पित्त. देवाच्या नावावर मी स्वतःची देखभाल करत होते. त्यात वाईट काही नाही, पण मग त्याला जांभळं कापड कशाला घालायचं?

जुन्या लोकांचा हिशोब वेगळा होता. उपवास करून जे वाचलं ते ज्याच्याकडे नाही त्याला द्यायचं. उपवास, प्रार्थना आणि दानधर्म ही तीन पायांची तिवई होती, एक पाय काढला की कलंडते. मिझोराममधल्या प्रेस्बिटेरियन घरांत भात शिजवताना मूठभर तांदूळ बाजूला काढून चर्चसाठी ठेवायची रीत आहे, १९१० सालापासूनची. ती प्रायश्चित्तकाळापुरती नाही, रोजची आहे. मला आवडते ती त्यातली मूठ. घरच्या कुणाला भात कमी पडत नाही, पण भांड्यातून ती मूठ खरोखर निघून गेलेली असते.

आता आजीचं सांगायला हवं, कारण त्यागाचा विषय निघाला की आमच्याकडे आजीवरच येऊन थांबतो.

माझं माहेर नंदाखालकडचं. आजी सुकेळी करायची. राजेळी केळी पूर्ण पिकली की सोलून मांडवावर एकेक अंतर ठेवून उन्हात मांडायची. संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करून झाकून ठेवायची. सकाळी पुन्हा ऊन. असं आठवडाभर. पहिल्या दिवशी पांढरट असलेलं केळं रोज थोडं आक्रसतं, रोज थोडं काळवंडतं, आणि शेवटी मधासारखा रंग येतो. मग ती केळीच्याच सुक्या पानात घट्ट गुंडाळून बांधायची. तो वास मला आजही नाकात येतो: ऊन, गूळ आणि जराशी आंबट झाक. माश्या हाकलायला आम्ही पोरं झावळीचा तुकडा घेऊन बसायचो, आणि हाकलता हाकलता एखादं सुकेळं तोंडात जायचं. आजी बघायची नाही असं दाखवायची.

ती स्वतः मात्र खायची नाही. मी एकदा विचारलं, "आजी, तू का नाही खात?" ती म्हणाली, "पोट भरलंय." (ती आमच्या कादोडीत म्हणाली, इथे लिहिताना मी प्रमाण मराठी करून घेतलं आहे, आणि त्यात तिचा अर्धा ठसका गेला आहे.) सुकेळीचा मोसम आणि प्रायश्चित्तकाळ एकाच उन्हात येतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोटांना पाक चिकटलेला, आणि चाळीस दिवस एक तुकडा जिभेवर नाही. बोटं चाटायचीसुद्धा नाही, पदराला पुसायची. हे आईने मला सांगितलं ते आजी गेल्यावर. म्हणजे तेल लावून तोंड धुवायचं ते आजीला जमलं होतं.

इथे थांबले तर छान गोष्ट होईल. मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मी ती तशी सांगितलीही आहे, दोनदा. पण आजीचं आणखी एक आहे जे मी वर्गात सांगत नाही. आजी तिच्या सख्ख्या धाकट्या बहिणीशी शेवटपर्यंत बोलली नाही. कारण केळीच्या एका वाफ्याचं होतं म्हणतात. काही जण म्हणतात सोन्याच्या वेल्याचं. बहीण गेली तेव्हा आजी मयताला गेली, मागच्या बाकावर बसली, आणि पेटीवर फूल न घालता परत आली. आल्यावर सुकेळी गोळा केली, कारण दव पडायला आलं होतं.

अबोला धरण्यात आमचं घराणं पहिल्यापासून पट्टीचं आहे.

माझा स्वतःचा अबोला २०१६ चा. आमचं आणि मोठ्या दिरांचं घर शेजारी शेजारी, मध्ये एक जांभाचं झाड होतं. पांढऱ्या जांभांचं. आम्ही आठ दिवस बाहेरगावी गेलो आणि परत आलो तर तिथे झाड नव्हतं, कंपाउंडच्या भिंतीचा पाया होता. भांडण झालं. झाड कुणाच्या हद्दीत होतं यावर दोन्ही भाऊ नकाशे काढून बसले. पण पुरुषांची भांडणं टिकत नाहीत. दोन वर्षांनी विहिरीची मोटर बिघडली, दोघं एकाच दोराने खाली उतरले, आणि वर आले ते कुठला पंप घ्यायचा यावर बोलत. जाऊबाई आणि मी मात्र तिथेच राहिलो. कारण त्या दिवशी झाडापलीकडचं एक वाक्य बोललं गेलं होतं. मी बोलले होते. काय बोलले ते इथे लिहीत नाही. ते एकदा बोलून झालं आहे, तेवढं पुरे.

आणि मग नऊ वर्षं. शेजारी राहून नऊ वर्षं न बोलणं हे कौशल्याचं काम आहे. त्यांच्या दाराची कडी वाजली की आपण अंगणातून आत यायचं. कपडे वाळत घालायच्या वेळा वेगळ्या. मुलांना निरोप्या करायचं: "काकींना सांग पाणी आलंय." चर्चमध्ये तर फार विचार करून बसावं लागतं. मिस्सामध्ये एका क्षणी फादर एकमेकांना शांती द्या म्हणतात, आणि सगळे डावी-उजवीकडे वळून हात जोडतात. जाऊबाई नेहमी उजव्या रांगेत. नऊ वर्षं मी फक्त डावीकडे वळले. मानेला सवय झाली होती.

पापनिवेदनाला जायचे तेव्हा मी म्हणायचे, "राग येतो, फादर." राग. एक भाववाचक नाम. त्याला घर नाही, भिंत नाही, जांभाचं झाड नाही. प्रायश्चित्त म्हणून दहा 'नमो मारिया' प्रार्थना मिळायच्या, त्या म्हणून मी मोकळी.

तर त्या वर्षी बुधवारी मी साखर सोडली होती, आणि ७ मार्चला, शुक्रवारी, संध्याकाळच्या मिस्सात पहिलं वाचन माझ्याकडे होतं. राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी बायबलातल्या यशया संदेष्ट्याचा अठ्ठावन्नावा अध्याय असतो. मी तो आधी वाचून पाहिला नव्हता. घाईत आले होते. वाचायला लागले. लोक देवाला विचारतात, आम्ही उपवास केला, तू पाहिलं का नाहीस? देव म्हणतो, तुम्ही उपवास करता आणि भांडता, कलह करता, ठोसे मारता. मग तो त्याला हवा असलेला उपवास सांगतो: दुष्टपणाच्या बेड्या तोडा, भुकेल्याला तुमच्या भाकरीतली भाकर द्या, बेघराला घरात घ्या, उघड्याला वस्त्र द्या. इथपर्यंत माझा आवाज छान लागला होता. ही वाक्यं मोठी आहेत, दूरची आहेत, माईकवर शोभतात. आणि मग त्याच वाक्याच्या शेपटाला एक तुकडा येतो, की आपल्याच रक्तामांसाच्या माणसापासून तोंड लपवू नका.

मी वर पाहिलं. तिसऱ्या बाकावर, उजवीकडे, जाऊबाई. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या चपलेकडे बघत होत्या.

'हा प्रभूचा शब्द' म्हणून मी खाली आले तेव्हा हात गार पडले होते.

मराठीत एक विचित्र गोष्ट आहे. आपण उपवास 'धरतो' आणि उपवास 'सोडतो'. सोडणं म्हणजे संपवणं, जेवायला बसणं. पण साखर सोडतो म्हणतो तेव्हा सोडणं म्हणजे उपवास सुरू करणं. एकच क्रियापद, दोन्ही दारांना लागणारी एकच कडी. आणि अबोलाही आपण धरतो आणि सोडतोच. त्या रात्री फुलके लाटताना हे माझ्या लक्षात आलं आणि लाटणं हातात तसंच राहिलं. नऊ वर्षं मी एक उपवास करत होते. इतका कडक की रविवारचीसुद्धा सूट नाही. चतुर्थी-एकादशीवाल्या बायका डब्यात तासागणिक राजगिऱ्याचे लाडू खातात, पण मी नऊ वर्षांत एक शब्द तोंडात घातला नव्हता. मी प्रायश्चित्तकाळात काय धरू याचा विचार दरवर्षी करत होते. प्रश्न काय सोडू हा होता, आणि तोही दुसऱ्या अर्थाने.

डोंगराच्या प्रवचनात येशू म्हणतो की वेदीजवळ दान आणलंस आणि तिथे आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं असेल आणि दरवेळी उलटं ऐकलं होतं. तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध काही असेल तर, असं. तसं ते नाहीच. त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध. म्हणजे माझ्या जांभाच्या झाडाचा तिथे हिशोबच नाही. त्यांनी झाड तोडलं हे त्यांच्या खात्यावर. वाक्य माझ्या खात्यावर.

साखर सोडणं फार सोपं होतं हो.

पहिला प्रयत्न दहाव्या-बाराव्या दिवशी झाला. जाऊबाई भिंतीपलीकडे झाडांना पाणी घालत होत्या. मी छातीत हवा भरून म्हटलं, "पाणी आलं का आज?" प्रश्न मूर्ख होता, त्यांच्या हातात नळी होती. त्यांनी वर पाहिलं नाही. मोटर चालू होती; ऐकू गेलं नसेल. किंवा गेलं असेल. मी आत येऊन उगाच फ्रीज पुसला.

त्या दिवसांत रोज मिस्सात पोप फ्रान्सिस यांच्यासाठी प्रार्थना होत होती. १४ फेब्रुवारीपासून ते रोमच्या जेमेली रुग्णालयात होते. राखेचा बुधवारही त्यांचा तिथेच गेला. मला त्यांचं २०२० मधलं एक बोलणं आठवत होतं. त्या साली २६ फेब्रुवारीला, राखेच्या बुधवारीच, त्यांनी रोममध्ये जमलेल्या लोकांना सांगितलं होतं, की टीव्ही बंद करा आणि बायबल उघडा, मोबाईलपासून सुटा, निरुपयोगी बोलणं, अफवा, कुचाळक्या सोडा. मी तेव्हा ते वाचून फार उत्साहाने डब्यातल्या ग्रुपवर सांगितलं होतं. महिन्याभरात देश बंद झाला, चर्चला कुलूप लागलं, आणि काय सोडायचं हे ठरवायची कुणाला गरजच उरली नाही. शांती देण्यासाठी उजवीकडे कुणी नाही, डावीकडेही नाही. समोर मोबाईलवर मिस्सा. खरं सांगायचं तर त्या वर्षी मला थोडं हायसं वाटलं होतं. एक मान वळवायची कमी.

दुसरा प्रयत्न सुकेळ्यांचा. मार्चच्या शेवटी, पाडव्याच्या दिवशी, माहेरून भाऊ सुकेळी घेऊन आला. मला साखर बंद, म्हणजे ती तशीच पडून राहणार. मी एका स्टीलच्या डब्यात आठ-दहा भरली आणि मुलीच्या हाती पलीकडे पाठवली. डबा गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय केलं. मला खायची नव्हती ती वस्तू दिली, आणि तीही दुसऱ्याच्या हाताने. काकूंच्या सासूबाईंनी निदान स्वतः काशीला जायचे कष्ट तरी घेतले होते.

मुलगी परत आली. "काय म्हणाल्या काकी?"

"काही नाही. घेतला."

"हसल्या?"

"मम्मी, मला काय माहीत. घेतला."

डबा परत आला नाही. आठवडा गेला, झावळ्यांचा रविवार गेला. मी नवी झावळी क्रूसासारखी दुमडून देव्हाऱ्यामागे खोचली. गुड फ्रायडेला क्रूसाच्या वाटेत आम्ही दोघी एकाच गर्दीत चालत होतो, मध्ये पाच-सहा माणसं. चौदा स्थानकं. प्रत्येक स्थानकाला मी ठरवत होते, पुढच्याला जाऊन शेजारी उभी राहते. सहाव्या स्थानकाला वेरोनिका गर्दीतून पुढे येऊन येशूचं तोंड पुसते, तिथे तर मी दोन पावलं पुढे गेलेही. एका काकांनी मला वाट करून दिली, आणि मी त्यांना "नाही नाही, ठीक आहे" म्हणून मागे सरले.

शनिवारी रात्री इस्टरचं जागरण. चर्चचे दिवे बंद, मग एक मेणबत्ती, मग शेकडो. चाळीस दिवसांनी आलेलुया. मी मुद्दाम मधल्या वाटेच्या कडेला बसले होते, म्हणजे पलीकडच्या रांगेला हात जोडता येतील. फादर शांती द्या म्हणाले. मी उजवीकडे वळले. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

तिथे एक कॉलेजातला मुलगा होता. जाऊबाई जागरणाला आल्याच नव्हत्या. सकाळच्या मिस्साला जाणार होत्या, गुडघे दुखत होते, हे नंतर नवऱ्याकडून कळलं. मुलाने बिचाऱ्याने हात जोडले. मीही जोडले. घरी आल्यावर फ्रीज उघडून गुलाबजाम खाल्ले, चार. उपवास सुटला होता, एक तरी.

सोमवारी, २१ एप्रिलला, मी रजा टाकली होती. दुपारी दीड-दोन वाजले असतील. मागच्या मोरीवर इस्टरची मोठी पातेली घासत होते. भिंतीपलीकडून आवाज आला, "ऐकलंस का?"

आवाज ओळखायला मला एक क्षण लागला. मी तो आवाज रोज ऐकत होते, पण माझ्याकडे तोंड करून नाही.

जाऊबाई भिंतीपाशी उभ्या होत्या, हातात मोबाईल, चष्मा डोक्यावर. "पोप गेले," त्या म्हणाल्या.

"कधी?"

"आज सकाळी. त्यांच्या सकाळी. आत्ता आलं."

"कालच तर दिसले टीव्हीवर."

"हो ना. सज्जात आले होते. आवाज अगदी बारीक निघत होता."

मी हात पदराला पुसले. भिंत छातीएवढी आहे, तिच्यावर दोघींचे कोपर टेकले. जांभाचं झाड याच जागेवर होतं. त्या मोबाईलवरची बातमी वर-खाली करत राहिल्या, मला दिसावी म्हणून स्क्रीन तिरका करून. माझ्या चष्म्याशिवाय मला त्यातलं एक अक्षर दिसत नव्हतं, पण मी बघत राहिले. कुणीच काही बोललं नाही. माझं ते वाक्य, त्यांची ती भिंत, यातलं काही नाही. चर्चची घंटा वाजेल म्हणून आम्ही वाट बघतोय असं मला वाटत होतं.

"थांब," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. डबा घेऊन आल्या. "किती दिवस राहिलाय हा."

डबा रिकामा होता. स्वच्छ घासलेला, कोरडा. मी आत आणून ओट्यावर ठेवला आणि झाकण लावायला गेले तर बसेना. दुसऱ्याच कुठल्यातरी डब्याचं होतं, एक नंबर मोठं. उद्या पलीकडे जाऊन बदलून आणावं लागणार होतं.